गळ्यातला हार काढायचा नसतो : ओआहू बेटावरचे आठ दिवस

२८ एप्रिल

कराडहून मुंबई, मुंबईहून सान फ्रान्सिस्को, तिथून साडेपाच तास समुद्रावरून हवाईतल्या ओआहू बेटावरचं होनोलुलु. २८ ला पहाटे विमानात बसलो आणि उतरलो तेव्हा तिथं २८ चीच दुपार चालू होती. हवाई आपल्या साडेपंधरा तास मागं. आई म्हणाली बरं झालं आज एकादशी नाही, नाहीतर साडेएकोणचाळीस तासांचा उपास पडला असता.

धाकट्या भावाची बायको सातव्या महिन्यात आहे, आईला बाळंतपणासाठी तिकडं सोडायचं आणि आठवड्यानं मी परत फिरायचं असा बेत होता, कारण आमच्या पतसंस्थेत यापेक्षा जास्त रजा मागितली की चेअरमनसाहेब चष्म्याच्या वरून बघतात. भाऊ तिथं मानोआच्या युनिव्हर्सिटीत आहे, राहतो मात्र डोंगरापलीकडं वाइमानालोला, एका बाईंच्या घरामागच्या दोन खोल्यांत. त्या बाई सत्तरीच्या पुढच्या, मूळ हवाईयन, सगळं गाव त्यांना आंटी म्हणतं आणि तोही तेच म्हणतो. विमानतळावर भाऊ एकटाच येईल असं मी धरून चाललेलो, तर सामानाच्या पट्ट्याजवळ आंटीही उभ्या, हातात प्लॅस्टिकची पिशवी आणि पिशवीत फुलं.

आता पुढचं लाज वाटते तरी सांगतो.

पतसंस्थेत वर्षाला दहा-बारा तरी सत्कार होतात. शाल, श्रीफळ, हार. हार गळ्यात पडला की फोटोपुरतं थांबायचं, क्लिक झालं की मान खाली घालून काढायचा आणि टेबलावर ठेवायचा, नाहीतर शिपायाच्या हातात द्यायचा. जो हार घालून तसाच बसतो तो माणूस आपल्याकडं हावरा दिसतो. वीस वर्षांची ही सवय. आंटींनी पांढऱ्या-पिवळ्या चाफ्याचा हार माझ्या गळ्यात घातला, गालाला गाल लावला, मी थँक्यू म्हटलं आणि पुढच्या सेकंदाला हार काढून सामानाच्या ढकलगाडीवर ठेवला. वर नीट घडी करून ठेवला, म्हणजे मला वाटलं मी मान राखतोय.

आंटी काही बोलल्या नाहीत. भावाचं तोंड मात्र असं झालं की जणू मी त्यांच्या पाया पडायच्या ऐवजी पायावर पाय दिलाय. दातांतल्या दातांत मराठीत म्हणाला, दादा आधी घाल तो परत.

आई मात्र पहिल्या फटक्यात पास. आई माळकरी, चाळीस वर्षं वारी केलेली, समोर माणूस आला की माउली म्हणून पायाला हात लावायचा हे तिच्या अंगात. आंटींनी तिच्या गळ्यात मोगऱ्याच्या कळ्यांचा तीन सरांचा हार घातला आणि ही वाकली. आंटी दचकल्या, मग त्याही वाकल्या, दोघींची डोकी एकमेकींवर आपटता आपटता राहिली. नंतर मला कळलं की एवढा मोगरा ओवायचा म्हणजे शेकडो कळ्या लागतात आणि विकत घ्यायला गेलं तर महागातला लेई, म्हणजे त्यांचा हार, तोच.

गाडीत भावानं क्लास घेतला. लेई मानेला चिकटून लोंबत ठेवायचा नाही, खांद्यावर टाकायचा, निम्मा पुढं निम्मा पाठीवर. देणाऱ्यासमोर काढायचा नाही, नको म्हणायचं नाही, ॲलर्जी असली तर तसं प्रेमानं सांगायचं. तुझ्या हातचं, तुझ्या वेळेचं मी घेतलं असा त्याचा अर्थ, म्हणून काढला की ते परत केल्यासारखं होतं. मी म्हटलं आपल्याकडं उलटं आहे रे. आई मागून म्हणाली, आपल्याकडं कसलं उलटं, माझ्या गळ्यातली तुळशीची माळ मी कधी काढलीय का?

यावर काय बोलणार.

वाइमानालोला जायला पाली नावाच्या हायवेवरून डोंगर ओलांडावा लागतो. पाली म्हणजे त्यांच्या भाषेत कडा. आई म्हणे पालीचा खंडोबा इथं कुठं आला. आंटींनी सांगितलं की या रस्त्यानं डुकराचं मांस न्यायचं नाही, ज्वालामुखीची देवी पेले आणि वराहरूपी देव कामापुआआ यांचं पटत नाही, त्यांनी हद्दी वाटून घेतल्यात, मांस घेऊन निघालात तर गाडी बंद पडते. हसत सांगितलं, पण स्वतः नेत नाहीत म्हणाल्या.

२९ एप्रिल

पहाटे तीनला डोळे टक्क उघडे. उजाडल्यावर बाहेर आलो तर अंगणात साळुंक्या भांडत होत्या, अगदी आपल्याच. भाऊ म्हणाला ह्या १८६५ च्या सुमाराला भारतातनंच आणल्या, पिकावरच्या अळ्या खायला. मुंगूसही तसंच, १८८३ ला उसाच्या मळ्यातले उंदीर मारायला, पण उंदीर रात्री फिरतात आणि मुंगूस दिवसा, त्यामुळं उंदीर राहिले बाजूला आणि इथल्या पक्ष्यांची अंडी गेली. पाहुणे बोलावताना जरा बघून बोलवावेत.

दिवसभर काही खास नाही, गल्लीत ओळखीपाळखी. दारात चपलांचा ढीग बघून आईला फार बरं वाटलं, इथं सगळेच घराबाहेर चपला काढतात. आणि वयानं मोठा कुणीही दिसला की तो अंकल किंवा आंटी, ओळख असो नसो, दुकानातल्या गल्ल्यावरची बाई असली तरी. चाळिशीच्या मला एका पोरानं अंकल म्हटलं तेव्हा जरा लागलं ते सोडा.

शेजारच्या अंकलनी मला पहिलाच प्रश्न विचारला, तू कुठल्या शाळेत होतास? मला वाटलं शिक्षण विचारतायत, मी बीकॉम वगैरे सांगायला लागलो. भाऊ हसला. इथं स्थानिक माणसं एकमेकांना हायस्कूल विचारतात, शाळा कळली की कुठल्या भागातला, कुणाकुणाला ओळखत असेल ते कळतं. म्हणजे आपलं, गाव कुठलं पाव्हणं?

रस्त्यावर गाडीला वाट दिली की समोरचा अंगठा आणि करंगळी बाहेर ठेवून मधली तीन बोटं मिटून हात हलवतो. शाका म्हणतात त्याला. त्याची सगळ्यात सांगितली जाणारी गोष्ट लाइए गावच्या हामाना कालिली यांची, काहुकूच्या साखर कारखान्यात त्यांची मधली बोटं गेली, ते हात हलवायचे तसा पोरं हलवायला लागली. २०२४ मध्ये राज्यानं कायदा करून शाकाला अधिकृत खूण केलं. अलोहा म्हणजे त्यांचा नमस्कार आणि माया दोन्ही, त्याचाही १९८६ चा कायदा आहे, राज्यपालापासून न्यायाधीशापर्यंत सगळ्यांनी काम करताना अलोहाचा विचार करावा असं त्यात लिहिलंय. आपल्याकडं सरकारी कार्यालयात 'सौजन्याने वागा' ची पाटी असते ती आठवली. पाटीच्या खाली बसलेला माणूसही आठवला.

३० एप्रिल

संध्याकाळी आंटींकडं जेवण. रिकाम्या हातानं जायचं नाही हा तिथलाही नियम, आईनं कराडहून आणलेले बेसनाचे लाडू काढले. डिंकाचे सुनेसाठी, त्यांना हात लावू दिला नाही.

घरात आंटींचे थोरले भाऊ होते, ऐंशीचे तरी असतील, खुर्चीतनं उठले आणि दोन्ही हात पुढं करून माझ्याकडं आले. भावानं कानात सांगितलं, होनी करतायत, कपाळाला कपाळ आणि नाकाला नाक टेकवायचं आणि श्वास आत घ्यायचा. हे सगळं त्यानं तीन सेकंदांत सांगितलं. त्यात मी दुपारी लसणाच्या चटणीबरोबर दोन भाकऱ्या हाणलेल्या. तर झालं असं की त्यांनी माझ्या मानेमागं हात ठेवला, डोळे मिटले, मी चष्मा न काढता पुढं झुकलो, चष्म्याची काडी त्यांच्या भुवईत, आणि लसणाच्या भीतीनं मी श्वास गच्च रोखून धरलेला, पाण्यात बुडी मारल्यासारखा. ते वाट बघत थांबले. मी पण थांबलो. मग ते हळूच म्हणाले, ब्रीद.

हसू फुटलं आणि श्वास आपोआप आत गेला. म्हाताऱ्या माणसाच्या अंगाला येतो तसा साबणाचा आणि थोडा खाऱ्या वाऱ्याचा वास आला. एवढ्या जवळून दुसऱ्या पुरुषाचा श्वास मी कधी घेतला होता ते आठवेना, वडील दवाखान्यात होते तेव्हा बहुतेक.

'हा' म्हणजे श्वास, जीव. होनीत दोघं एकमेकांचा 'हा' घेतात. 'अलोहा' हा शब्दही 'समोर' आणि 'श्वास' असा फोडून सांगतात, भाषेचे अभ्यासक ती फोड मानत नाहीत, न्यूझीलंडच्या माओरींचा 'आरोहा' आणि सामोआचा 'आलोफा' हे त्याचेच सख्खे भाऊ आहेत म्हणतात. आंटींना मी हे विचारलं तर म्हणाल्या, शब्द कसा फुटतो ते युनिव्हर्सिटीला विचार, श्वास घ्यायचा तेवढा घे. त्यांना राग आहे तो टुरिस्टांच्या लुआउचा, म्हणजे मेजवानीच्या कार्यक्रमाचा, तिथं माइकवर एकजण 'अलोऽऽऽहा' ओरडतो आणि तीनशे माणसांनी तसंच ओरडायचं, आवाज कमी आला की परत ओरडा. म्हणाल्या, आमच्या घरात कुणी मेलं तरी आम्ही अलोहा म्हणतो, मग काय ओरडून म्हणायचं का?

आई आंटींच्या त्या भावासमोर गेली, पदर सारखा केला आणि काही न विचारता कपाळ टेकवलं. खुर्चीत बसताना मला म्हणाली, ही तर आपली ढुशी, लहान लेकराला देतो ती.

जेवणाआधी सगळ्यांनी हात धरून प्रार्थना केली. टेबलावर लाउलाउ होतं, म्हणजे अळूच्या पानांत गुंडाळून वाफवलेलं मांस, आईसाठी आंटींनी मुद्दाम रताळं घालून वेगळी पुडी केली होती. आणि पोई, अळूचा कंद उकडून कुटून केलेली जांभळट राखाडी लापशी. चव? खरं सांगू का, पहिल्या दिवशी भिंतीला पत्रक चिकटवायची खळ लागली, चौथ्या दिवशी आंबल्यावर आवडली. पण पोईचं भांडं टेबलावर उघडं असताना भांडायचं नाही, वाईट बोलायचं नाही. त्यांच्या गोष्टीत हालोआ नावाचं पहिलं मूल मेलेलं जन्मलं, पुरलं तिथं अळू उगवला, मागाहून जन्मलं त्या दुसऱ्या मुलापासून माणसं आली. म्हणजे अळू हा माणसाचा थोरला भाऊ, आणि थोरल्या भावासमोर तोंड सांभाळायचं. मी धाकट्याकडं बघितलं, तो पोई वाढून घेत होता.

निघताना ताटं फॉइल लावून बांधून दिली, नाही म्हणायची सोय नाही.

१ मे

आपला महाराष्ट्र दिन, त्यांचा लेई डे. १९२७ ला डॉन ब्लँडिंग नावाच्या कवी-पत्रकारानं वर्तमानपत्रात सुचवलं आणि १९२८ पासून सुरू झाला. वाइकिकीच्या टोकाला कापिओलानी पार्कात दरवर्षी जत्रा भरते, हारांची स्पर्धा, लेई क्वीन, हुला नाच, शाळेतली पोरं. प्रत्येक बेटाचं फूल ठरलेलं, ओआहूचं केशरी इलिमा, मोठ्या बेटाचं लाल लेहुआ, नीहाउचं तर फूलच नाही, समुद्रातल्या बारीक शिंपल्यांची माळ. स्पर्धेतले हार मांडले होते तिथं आईला ओढून नेताना दमलो, प्रत्येकापुढं पाच मिनिटं.

एका ठिकाणी ती एकदम थांबली. अरे ही रुई.

खरंच रुई. आपल्या मारुतीला शनिवारी घालतात तीच, जांभळ्या-पांढऱ्या फुलांच्या मधला मुकुटासारखा भाग तेवढा सोडवून ओवलेला. तिकडं त्याला मुकुटाचं फूल म्हणतात आणि ते राणी लिलिउओकलानीचं आवडतं फूल. ही शेवटची राणी. १८९३ मध्ये साखरवाल्यांनी आणि व्यापाऱ्यांनी अमेरिकन सैनिकांच्या पाठबळावर तिचं राज्य घालवलं, तिला तिच्याच राजवाड्यात कैदेत ठेवलं ते पुढं १८९५ ला. आंटी रुईच्या हारापुढं जरा वेळ उभ्या राहिल्या. १८९६ च्या कायद्यानं शाळा इंग्रजीत झाल्या, त्यांच्या आजीला वर्गात हवाईयन बोलल्याबद्दल मार बसला, म्हणून आजी आईशी बोलली नाही आणि आई ह्यांच्याशी. आंटी आपली भाषा पन्नाशीनंतर शिकल्या, नातवाकडून, कारण १९८४ पासून तिथं हवाईयन माध्यमाच्या बालवाड्या निघाल्या त्यात तो गेला. आमच्या गल्लीतली मराठी शाळा गेल्या वर्षी पटसंख्येअभावी बंद झाली, मारायला कुणी आलं नव्हतं.

मोगऱ्याला तिथं पिकाके म्हणतात, म्हणजे मोर. राजकन्या काइउलानीला मोर आणि मोगरा दोन्ही आवडायचे, तिच्या वाड्यात मोर होते, म्हणून फुलालाही तेच नाव पडलं.

भावजयीला आंटींनी दिला तो हार वेगळा होता, टी नावाच्या झाडाच्या लांब पानांचा पिळा, दोन्ही टोकं मोकळी, उपरण्यासारखा. गरोदर बाईला बंद हार घालत नाहीत, बाळाच्या गळ्याभोवती नाळेचा वेढा बसतो म्हणून. भावजय एरवी डॉक्टरनं छापून दिलेलं सोडून काही मानत नाही, पण ती टोकं गाठ न मारता मोकळीच ठेवून फिरत होती. आईनं आंटींचा हात धरला आणि बराच वेळ सोडला नाही.

२ मे

लेई डेला स्पर्धेत ठेवलेले हार दुसऱ्या दिवशी नुउआनूमधल्या माउना आला इथं राजघराण्याच्या समाध्यांवर नेऊन वाहतात. आम्ही मागं उभे राहिलो. आधी दारात उभं राहून गाण्याच्या सुरात परवानगी मागायची, आतून उत्तर आलं की मग आत जायचं, ही त्यांची जुनी रीत, आपण कोण कुठले ते दारातच सांगायचं. फोटो काढले नाहीत. काढावेसे वाटले, पण आंटी बरोबर होत्या.

३ आणि ४ मे

पाऊस. मागच्या कोओलाउ डोंगराच्या उभ्या कड्यांवरून एकाच वेळी पंधरा-वीस धबधबे, आपल्या घाटात जुलैत दिसतात तसे. दोघी म्हाताऱ्या पडवीत बसून फुलं घेऊन काय काय करत होत्या. आंटींकडं लेई ओवायची हातभर लांब बारीक सुई, त्यात पन्नास चाफे एकदम. आईनं सुई बाजूला सारली, पायाच्या अंगठ्याला दोरा अडकवला आणि मोगऱ्याच्या कळ्या दोन-दोन धरून गाठी मारत गजरा बांधायला लागली. आंटी तिच्या अंगठ्याकडं बघत राहिल्या, मग स्वतःच्या अंगठ्यात टीचं पान अडकवून पिळायला बसल्या, त्यांची पानांची पिळ्याची पद्धतही अंगठ्यावरचीच. दोघींना एकमेकींचं एक वाक्य धड कळत नव्हतं. आई मराठीत सांगायची, त्या इंग्रजीत हो हो म्हणायच्या. मी चहा करून दिला.

वाळलेले हार कचऱ्यात टाकत नाहीत, झाडाला अडकवतात किंवा मातीत नाहीतर समुद्रात सोडतात, पण दोरा आधी काढायचा, कासवाच्या नाहीतर पाखराच्या गळ्यात अडकतो. माझा पहिल्या दिवशीचा चाफा मीच पेरूच्या फांदीवर टाकला. आईला निर्माल्य समजवावं लागलं नाही, दोऱ्याचं मात्र ती म्हणाली, हे आपण कृष्णेत सोडताना कधी बघत नाही.

५ मे

परतीचं विमान दुपारचं. हवाईतनं बाहेर पडताना शेतीखात्याचे लोक बॅगा तपासतात, बरीच ताजी फळं चालत नाहीत, लेई चालतो पण लिंबाच्या कुळातली फुलं वगैरे नको. हे सगळं आंटींनी आधीच तपासलं होतं.

गाडी थांबवायच्या जागेवर मागून हॉर्न वाजत होते. मी या वेळी आधी चष्मा काढला, खिशात ठेवला आणि मग आंटींपुढं झुकलो. लसूण सकाळपासून टाळलेला. मी म्हटलं ओके आंटी, आय अॅम गोइंग. त्या म्हणाल्या, आ हुइ होउ, पुन्हा भेटेपर्यंत. आईनं माझ्या दंडावर चापट मारली, गोइंग काय, येतो म्हण.

मग तिनं पिशवीतनं काढून मोगऱ्याचा हार माझ्या गळ्यात घातला. पडवीत बांधलेला गजराच, फक्त लांब. निम्मा पुढं निम्मा मागं तिनं स्वतः सारखा केला. आणि माझा हात गेला की हो परत हाराकडं, काढायला. दोघींनी एकदम बघितलं. मी त्या हातानं नाक खाजवलं.

सान फ्रान्सिस्कोला उतरेपर्यंत कळ्या तांबूस पडल्या होत्या पण वास तसाच, विमानात शेजारच्यानं दोनदा विचारलं लग्न झालं का. पुढचं विमान सहा तासांनी. बाहेर आलो, एका झाडाच्या आळ्यापाशी बसलो, कात्री नव्हती म्हणून आईच्या गाठी दातानं तोडल्या, बराच वेळ लागला, फार घट्ट बांधते ती. फुलं मातीत टाकली, दोरा गुंडाळून खिशात. झाडू मारणाऱ्या बाई थांबून माझ्याकडं बघत होत्या, तोंडात मोगऱ्याची पाकळी चिकटलेली. काय बोलावं सुचेना, मी शाका केला.